पुण्याहून बेळगावला यायचं आहे, घर कुठल्या भागात बघावं?

नंदगडकर_पुणे

मंडळी, नमस्कार. मी मूळचा खानापूर तालुक्यातला, पण नोकरी लागल्यापासून पुण्यातच आहे. वाकडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. बायको साताऱ्याची, मुलगी जूनपासून तिसरीत जाईल. आई सत्तरीची आहे, तिला मधुमेह आहे. माझं काम घरून चालतं, महिन्यातून एकदा हिंजवडीत तोंड दाखवलं की झालं. परवा घरमालकाने पुन्हा भाडं वाढवलं आणि घरात विषय निघाला, की एवढे पैसे मोजून इथे कशासाठी थांबलोय?

गावात घर आहे, पण शाळा आणि दवाखाना यांच्यासाठी बेळगाव शहर किंवा त्याच्या आसपास राहायचं म्हणतोय. एक तर दोन बेडरूमचा फ्लॅट, नाहीतर थोडं बाहेर छोटा प्लॉट घेऊन बांधकाम. नातेवाइकांनी टिळकवाडी, भाग्यनगर, गणेशपूर, हिंडलगा, कणबर्गी अशी नावं दिलीत. ज्याला त्याला आपलाच भाग बरा वाटतो. तुम्ही काय म्हणता? बायकोला कन्नड अजिबात येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तिसरं_गेट

या की ओ, विचारूलालाय काय त्यात! टिळकवाडी सोडून दुसरीकडं बघूच नका. बाजार, शाळा, कॉलेज, डॉक्टर सगळं पायाखाली. सकाळी व्हॅक्सिन डेपोत झाडाखाली फिरून यायचं, संध्याकाळी आरपीडी क्रॉसला चहा मारायचा. वहिनींना कन्नड नाही आलं तर कोण हसूलालंय? भाजीवाली बी मराठीच बोलतीय.

फक्त चारचाकीचा नाद कमी ठेवा. तिसऱ्या गेटला पूल झालाय म्हणून आमचं बरं चाललंय. पहिल्या-दुसऱ्या गेटला मालगाडी आली की गाडी बंद करून शेजारच्याची चौकशी करत बसायचं.

वडगावची_सून

तिसरं गेट भाऊ, टिळकवाडीतले दर सांगितलेच नाहीत तुम्ही. जुन्या बंगल्यांच्या जागी अपार्टमेंटं उभी राहिली आणि भाव बघता बघता वर गेले. वाकड सोडून येणाऱ्यांना ते स्वस्त वाटतील, ही गोष्ट वेगळी. बिल्डरलोक नेमकं तेच धरून बसलेत. पुण्याचा माणूस दिसला की आकडा बदलतो. चौकशीला आधी इथल्या मावशीला नाहीतर आत्येभावाला पाठवा.

शहापूर-वडगाव-खासबाग हा पट्टा कुणी सुचवत नाही, म्हणून मी सुचवते. विणकरांची वस्ती, गल्ल्या अरुंद, काही गल्ल्यांत दिवसभर मागांची खटखट. त्याची सवय होते किंवा होत नाही, मधलं काही नसतं. पण माणसं जवळची आहेत. आईंना दुपारी एकटं वाटणार नाही. जुन्या घरांत स्वतःची विहीर असते, आणि बेळगावात विहिरीचं घर म्हणजे काय ते मे महिन्यात कळतं.

एक मात्र बघाच. बळ्ळारी नाल्याच्या बाजूची सखल जागा घेऊ नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शास्त्रीनगरसारख्या भागात पाणी घरात शिरलं होतं. उन्हाळ्यात जागा दाखवायला नेतात तेव्हा तिथे कोरडी भेगाळलेली जमीन असते, कुणाला शंकाही येत नाही. शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीवर पाण्याची ओळ कुठवर चढलीय ती बघून घ्या.

हिशेबी_माणूस

मी बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर होतो, आता निवृत्त आहे. भाग कुठला घ्यावा यावर मी काही बोलणार नाही, त्याला इथे पुष्कळ जण आहेत. कागदाबद्दल लिहितो. पुण्याहून येणारा माणूस सात-बारा, रेडी रेकनर, सोसायटी यांच्या हिशेबाने विचार करतो आणि इथे ते सगळं थोडं थोडं वेगळं आहे.

शहराच्या जुन्या भागात, म्हणजे शहापूर, टिळकवाडी, मधल्या गल्ल्या, इथे अजून सिटी सर्व्हेचा उतारा मिळतो. मुंबई इलाख्याची व्यवस्था, ती चालू राहिली. तो असला की मालकी समजायला सोपं जातं. त्याच्या जोडीला महापालिकेचा खाता, म्हणजे त्यांच्या मालमत्ता नोंदवहीतली नोंद, लागतो, आणि आता ई-खाता असल्याशिवाय खरेदीची नोंदणीच होत नाही. कॅम्पात जागा बघू नका. कॅन्टोन्मेंटच्या बऱ्याच बंगल्यांखालची जमीन सरकारची असते, विकणाऱ्याकडे फक्त वरचं बांधकाम. दिसायला फार देखणे आहेत, कर्जाला मात्र उभे राहत नाहीत.

खरी गोची शहराच्या बाहेर आहे. शेताचे तुकडे पाडून, मुरूम टाकून, दगड रोवून 'लेआउट' म्हणून विकतात. अशा जागा वर्षानुवर्षं नुसत्या स्टँप पेपरवर फिरल्या आहेत. पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि उताऱ्यावर अजून मूळ शेतकऱ्याच्या आजोबांचं नाव. तुम्हाला हवं ते असं: जमीन बिनशेती झालेली, आणि त्या लेआउटला बुडाची मंजुरी, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची. ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तर ई-स्वत्तूचा, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचा, नऊ नंबर आणि अकरा-ए फॉर्म मागा. अकरा-बी, म्हणजे रीतसर मंजुरी नसलेल्या जागेचा फॉर्म, दाखवला तर तिथेच थांबा.

शहरातल्या बी खात्याचंही तसंच. २०२५ मध्ये सरकारने मोहीम काढून बी खाते वाटले, त्यामुळे दलाल छाती पुढे काढून सांगतात, 'साहेब, खाता आहे.' बी खाता म्हणजे तुमच्याकडून घरपट्टी घेतली एवढंच. जागा अधिकृत झाली असं नाही.

ईसी काढा, जागेवरचा बोजा आणि आधीचे व्यवहार त्यात दिसतात. नोंदणी खात्याच्या 'कावेरी' साइटवर मिळते. सगळं कन्नडमध्ये असतं, म्हणून स्वतःचा वकील करा आणि त्याच्याकडून ओळ न् ओळ वाचून घ्या. बिल्डर जो वकील 'आपलाच आहे' म्हणून देतो, तो त्याचा असतो.

नंदगडकर_पुणे

हिशेबी काका, फार उपयोगी. एक शंका. गावाकडे अजून सांगतात, की शेतकरी नसलेल्याला कर्नाटकात शेतजमीन घेता येत नाही. आमच्या ओळखीतला एक जण येळ्ळूर रस्त्याला सहा गुंठे देतो म्हणतोय, 'बायपासला लागून' आहे असं सांगतो.

हिशेबी_माणूस

ती बंदी २०२० मध्ये उठली. आता कुणीही शेतजमीन घेऊ शकतो. पण घेता आली म्हणजे त्यावर घर बांधता आलं असं होत नाही. बिनशेती करून घ्यावी लागते, आणि त्याआधी बुडाच्या आराखड्यात तो सर्व्हे नंबर कुठल्या झोनमध्ये पडतो ते पाहावं लागतं. हिरव्या पट्ट्यात असेल तर तुम्ही फक्त भात लावायचा.

'बायपासला लागून' या शब्दांवर पैसे देऊ नका. हलगा-मच्छे बायपासच्या विरोधात त्या पट्ट्यातले शेतकरी कोर्टात गेले, रस्त्यावर बसले. बासमती पिकवणारी काळी जमीन आहे ती. तुमचे सहा गुंठे कुठल्या सर्व्हे नंबरातले, त्याची मोजणी झालीय का, पोटहिस्सा वेगळा पडलाय का, हे विचारा. ओळखीचा माणूस त्यावर रागावला तर तेच उत्तर समजा.

तिसरं_गेट

काका, तुमच्या टेबलावर माझी फाईल कधी आली नाही ते देवाचं उपकार.

गणेशपूरकर

पश्चिमेच्या बाजूने मी लिहितो. गणेशपूर, हिंडलगा, पुढे सुळगा, उचगाव. हवा शहरापेक्षा थंड, घराभोवती चार झाडं लावता येतात, आणि बोलीचा प्रश्नच नाही. वेंगुर्ला रस्ता धरला की अर्ध्या तासात चंदगड तालुका लागतो. शहरात जायला कॅम्पातून रस्ता, दोन्ही बाजूंना मोठी झाडं, त्यामुळे येणं-जाणं जाचत नाही.

आता वाईट बाजू. पाऊस. तुम्ही खानापूरचे, तुम्हाला सांगायला नको, पण साताऱ्याच्या वहिनींना सांगा. जून लागला की झड बसते ती ऑगस्टपर्यंत. कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, वारं सुटलं की फांदी तारेवर पडून वीज जाते. घरून काम करणाऱ्याने इन्व्हर्टर आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट घेतल्याशिवाय इकडे येऊ नये. लाइनमन येतो, पण पाऊस थांबल्यावर.

आणि हो, ग्रामपंचायतीचं पाणी रोजचं धरू नका. बहुतेकांनी बोअर मारलीय.

पाटी_पेन्सिल

मुलगी तिसरीत जाणार हे वाचलं आणि थांबले. मी शिक्षिका आहे, प्राथमिकला शिकवते. घरापेक्षा हे आधी बघा.

कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने कन्नड शिकणं सगळ्या शाळांत सक्तीचं झालं, मग बोर्ड कुठलंही असो. तुमची मुलगी येईल तेव्हा वर्गातल्या मुलांची दोन वर्षं कन्नड झालेली असेल. लहान आहे, धरते. भाषा मुलांना जड जात नाही, लिपी पहिले काही महिने जड जाते. मार्च-एप्रिलमध्येच घरी मुळाक्षरं सुरू करा. सातवी-आठवीत येणाऱ्या मुलांचे हाल मी पाहिलेत, तिसरी म्हणजे तुम्ही वेळेत येताय.

मराठी माध्यमाच्या शाळा शहरात आहेत, काही फार चांगल्या चालवलेल्या आहेत, तिथेही कन्नड शिकवतातच. इंग्रजी माध्यमात घालणार असाल तर मराठी हा विषय तिथे आहे का, कुठल्या इयत्तेपर्यंत आहे, हे तोंडी नको, वेळापत्रकात बघून घ्या. प्रवेशाच्या वेळी 'आहे ना' म्हणतात आणि पाचवीत गेल्यावर कळतं की त्या तासाला मुलं खेळायला जातात.

शाळा महाराष्ट्रापेक्षा आधी सुरू होतात, जूनच्या तोंडाला. मोठी सुट्टी दसऱ्याला मिळते. दिवाळीला माहेरी आठ दिवस राहायचं म्हणाल तर शाळा बुडेल.

लाल_पिवळा_नको

सगळे घर, पाणी, शाळा बोलतायत, खरा मुद्दा कुणीच काढत नाही. एवढी वर्षं झाली, कोर्टात तारीख पडत नाही आणि तुम्ही त्यांच्याच राज्यात जाऊन टॅक्स

धागा_राखणदार

वरची प्रतिक्रिया अर्ध्यावर कापली आहे. सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे, तिथे २००४ च्या दाव्यापासून सगळं लिहून झालंय. इथे एक कुटुंब घर शोधतंय.

वडगावची_सून

राखणदारांचं बरोबर, पण राहायला येणाऱ्याला थोडं माहीत हवं. एक नोव्हेंबरचा कर्नाटक राज्योत्सव आणि इथे भरणारं विधानसभेचं हिवाळी अधिवेशन, या दिवसांत वातावरण तापतं. कधी दोन्हीकडच्या बसगाड्या सीमेवर थांबवतात. अशा वेळी पुण्याला जायचं तिकीट असेल तर रेल्वे बरी. बाकी वर्षभर आमच्या गल्लीत कन्नड बोलणारे शेजारी वाटीभर सांबार देतात आणि आम्ही पुरणपोळी. सरकारी ऑफिसात अर्ज कन्नडमधून असतात, बाहेर भरून देणारा बसलेला असतो.

निपाणीकर_पक्का

बेळगावच का पण? निपाणी बघा. हायवेवर, कोल्हापूर जवळ. माझे शेजारी रोज कागलच्या एमआयडीसीत कामाला जातात. आमच्याकडे तर देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात. निपाणीची पोरं कर्नाटकातून चालत जाऊन महाराष्ट्रात शिकतात. आईंना मोठा दवाखाना लागला तर कोल्हापूर. पुणंही बेळगावापेक्षा तेवढंच जवळ पडतं. तंबाखूच्या हंगामात हवेला वास असतो, तेवढं चालवून घ्यावं लागेल.

गणेशपूरकर

मग शिनोळीच का नको? चंदगड तालुका, पत्ता महाराष्ट्राचा, गाडीची पाटी एमएच नऊ, आणि बाजार-दवाखाना बेळगावचा. त्या पट्ट्यातले लोक पिढ्यान्‌पिढ्या असंच जगतात. पण शाळेची बस लांबून येते, म्हणून मुलीसाठी मी सुचवणार नाही.

बंगळूरहून_परत

मी व्हाइटफील्डहून आलो. आम्ही उत्तर बाजूला, रामतीर्थनगरात राहतो. बुडाने पाडलेली वसाहत, रस्ते रुंद, कागद स्वच्छ, हायवे जवळ, दरही टिळकवाडीच्या मानाने कमी. नेहरूनगरचं केएलई हॉस्पिटल जवळ पडतं, आईंच्या वयाला हे महत्त्वाचं. कणबर्गी त्याच्याच पुढे. इकडे कन्नड जास्त चालते हे खरं. माझ्या बायकोने बंगळूरला शिकून घेतली होती, आम्हाला सोपं गेलं.

प्रवासाचं म्हणाल तर सप्टेंबर २०२४ पासून पुणे-हुबळी वंदे भारत बेळगावला थांबते, आठवड्यातून तीन दिवस. महिन्यातून एकदा पुणे करणाऱ्याला ती पुरते. रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या आतच आहे, पण कागल-सातारा सहापदरीचं काम संपेपर्यंत वेळेचा भरवसा धरू नका. सांबऱ्याच्या विमानांवर बेत आखू नका, वेळापत्रक सारखं बदलतं.

नंदगडकर_पुणे

रामतीर्थनगर घरात सगळ्यांना पटलंय. कागद स्वच्छ, दवाखाना जवळ, माझ्या कामाला शांतता. पुढच्या आठवड्यात बघायला येतो.

साताऱ्याची

मी वरच्या नंदगडकरांची बायको. 'घरात सगळ्यांना' यात मी नाही, म्हणून खातं उघडलं.

हे घरून काम करणार, म्हणजे दिवसभर खोलीचं दार बंद. सासूबाईंना दवाखान्यात मी नेणार. शाळेतून फोन आला तर मी जाणार. भाजी, किराणा, गॅसवाला, प्लंबर सगळं माझ्याकडे. मला कार चालवता येत नाही, स्कूटर येते, पण सासूबाईंना स्कूटरवर बसवत नाही. कन्नड येत नाही. आता सांगा, रुंद रस्त्यांच्या शांत वसाहतीत मी दुपारी तीन वाजता रिक्षा कुठून आणू आणि त्याला काय बोलू?

कन्नड शिकायची माझी तयारी आहे. पण शिकेपर्यंतचं एक वर्ष कुठे काढायचं ते सांगा.

तिसरं_गेट

वहिनी, एक नंबर. आम्ही सगळे चुकीच्या माणसाला घर दाखवूलालोय.

पाटी_पेन्सिल

मग हिंदवाडी किंवा भाग्यनगर, अनगोळच्या अलीकडचा भाग. टिळकवाडीला चालत जाता येतं, रिक्षा मिळते, रिक्षावाला मराठी बोलतो, रोजच्या तपासण्यांना डॉक्टर गल्लीतच असतात. मोठं काही झालं तरच नेहरूनगर गाठायचं. गुरुदेव रानडे मंदिराच्या बाजूला आईंच्या वयाच्या पुष्कळ जणी संध्याकाळी दिसतात. आणि शाळा चालण्याच्या अंतरावर निवडा, बसची वाट बघणं वाचेल.

बंगळूरहून_परत

वहिनी, तुमचं खरं आहे. आमच्याकडे बायकोच गाडी चालवते, म्हणून हा मुद्दा मला सुचला नाही. रिक्षा फोन करून बोलवावी लागते इथे.

हिशेबी_माणूस

भाग्यनगरमध्ये आधी भाड्याने राहा. विकत घ्यायची घाई नको. एक पावसाळा काढा, एक मे महिना काढा. कुठल्या रस्त्यावर पाणी साचतं, कुठल्या अपार्टमेंटला टँकर लागतो, हे दोन्ही तेव्हाच दिसतं. २००८ मध्ये शहरातल्या दहा वॉर्डांत चोवीस तास पाण्याची योजना आली, बाकीच्यांनी पुढची कित्येक वर्षं पाच-सहा दिवसांनी येणाऱ्या पाण्यावर काढली. त्यामुळे एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना वेगळी परिस्थिती असू शकते. घरमालकाला विचारू नका, खालच्या इस्त्रीवाल्याला विचारा.

भाडेकरार रीतसर करून घ्या. त्या पत्त्यावर आधार बदललं की वहिनींना आणि आईंना सरकारी बसचा प्रवास फुकट, २०२३ च्या जूनपासून कर्नाटकातल्या बायकांना ती सवलत आहे. कर्नाटकचा पत्ता मात्र ओळखपत्रावर हवा.

साताऱ्याची

इस्त्रीवाल्याचं लक्षात ठेवते. आम्ही एप्रिलमध्ये दोन दिवस येतोय, भाग्यनगर आणि हिंदवाडी दोन्ही चालत बघणार. पाटी-पेन्सिल ताई, शाळांची नावं इथे नको असतील तर मला निरोप पाठवा. कन्नड मुळाक्षरांचं पुस्तक कुठलं घ्यावं तेही लिहा, आम्ही दोघी एकदमच सुरू करू.

नंदगडकर_पुणे

बरं, ठरलं मग. शेवटचा प्रश्न, गाडी एमएच चौदा आहे. ती तशीच चालेल का?

गणेशपूरकर

बारा महिने चालेल. त्याहून जास्त राहणार असाल तर पिंपरी-चिंचवडच्या आरटीओतून ना-हरकत दाखला आणा, इथला लाइफटाइम टॅक्स भरा आणि केए बावीस करून घ्या. तिकडे भरलेल्या टॅक्सचा परतावा मागता येतो, त्यासाठी जुन्या पावत्या जपून ठेवा. जुनी गाडी असेल तर टॅक्सचा हिशेब आधी करून बघा, कधी कधी पुण्यात विकून इथे घेणं परवडतं.

तिसरं_गेट

विकाच. स्कूटर घेऊन या. गेट बंद असताना कडेनं पुढं काढता येतीय.

धागा_राखणदार

पुढं काढायची, पण गेट उघडल्यावर.